स्वस्तातली फॅट बाइक घेताना मागचं चाक आधी बघा

चार इंची टायर बघितला की माणूस भाळतो. मग रंग बघतो, मग पुढचा शॉकअप, मग डिस्क ब्रेक, आणि शेवटी किंमत विचारतो. मागच्या चाकाच्या आसाकडे वाकून बघणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, आणि माझ्याकडे पुढे जे काम येतं ते बहुतेक त्या आसाचंच असतं. म्हणून वीस हजारांच्या आतली फॅट बाइक बघायला जाल तेव्हा सुरुवात मागच्या चाकापासून करा. बाकीच्या वस्तू बदलता येतात किंवा त्यांच्यावाचून भागतं. मागचं चाक गेलं तर नवं बसवायचा खर्च ऐकून लोक सायकल पडवीत टेकवून ठेवतात ती कायमची.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान गुहागर तालुक्यात शृंगारतळीला आहे. वडील तासावर सायकली भाड्याने द्यायचे, त्या काळ्या, कॅरियरवाल्या. मी गिअरवाल्या करतो, आणि लॉकडाऊननंतर गुहागर, पालशेत, वेळणेश्वर या पट्ट्यात फॅट बाइक दिसायला लागल्या तशा त्याही करतो. मी सायकली विकत नाही, त्यामुळे कुठली घ्या हे सांगण्यात माझा काही फायदा नाही. कुठली घेऊ नका हे सांगितलं तर थोडा तोटाच आहे.

आधी वाळूचं ठरवा

फॅट बाइक वाळूसाठी आहे. तुमचं फिरणं सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या पायवाटा, जांभ्याचे लाल रस्ते आणि अधूनमधून डांबर एवढंच असेल तर तेवढ्याच पैशात २७.५ किंवा २९ इंची चाकाची, सव्वादोन इंच टायरची साधी एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, जास्त चांगली मिळते. ती चार-पाच किलोने हलकी असते, चढाला जीव काढत नाही, तिचे पार्ट चिपळूणला मिळतात. हे मी तोंडावर सांगतो आणि निम्मे लोक नाराज होतात, कारण त्यांना रील काढायची असते. काढा की. पण पालशेतची चढण अठरा किलोच्या सायकलीवर चढून झाल्यावर रील काढायला हातात जोर उरत नाही.

आठवड्यातून एक-दोनदा तरी पुळणीवर, किनाऱ्याच्या वाळूत जाणार असाल, घरापासून किनाऱ्यापर्यंतची वाट मऊ असेल, पावसात मळ्यातून जायचं असेल, तर मात्र दुसरी सायकल नको. चार इंची टायरमध्ये हवा कमी केली की तो वाळूवर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक रुतत नाही. सगळी जादू एवढीच.

ही सायकल मुळात आली बर्फातून. अलास्कात हिवाळ्यात, कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वाटेवर सायकलींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा तिथले लोक दोन रिमा शेजारी-शेजारी जोडून रुंद चाक करायचे. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात हाच उद्योग वाळूसाठी चालला होता. २००५ साली सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल काढली आणि जवळजवळ चार इंचाचा टायर दुकानात मिळायला लागला. त्या लोकांपुढचा प्रश्न बर्फाचा आणि वाळूचा होता. आपल्यापुढे तिसरा आहे, खाऱ्या वाऱ्याचा, आणि स्वस्त फॅट बाइक बनवणारा पैसे वाचवतो ते नेमके तिथेच.

टायरच्या कडेवर आकडे वाचून घ्या. २६ x ४.० लिहिलेलं पाहिजे. २६ x ३.० वाल्या सायकलीसुद्धा फॅट म्हणून विकतात. दिसायला त्या जाड दिसतात, पण कोरड्या वाळूत बसतात. लहान मुलांच्या २० x ४.० येतात, त्यांचं गणित वेगळं.

मागचं चाक

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक घेऊन जा. जुन्या स्पीकरमधला असला तरी चालेल. रिमला लावून बघा. चिकटला तर रिम लोखंडी आहे, आणि किनाऱ्यालगतच्या गावात लोखंडी रिम घ्यायचीच नाही, मग दुकानदार काहीही सांगो. अल्युमिनियमच्या रिमला चुंबक चिकटत नाही. मग तोच चुंबक स्पोकला लावा. घट्ट चिकटला तर स्पोक मुलामा दिलेले साधे आहेत, एक पावसाळा झाला की निपलपाशी, स्पोकच्या टोकाच्या नटापाशी, पांढरट भुकटी आणि मग गंज. चिकटलाच नाही किंवा जेमतेम ओढल्यासारखा वाटला तर स्टेनलेस. या किमतीत स्टेनलेस स्पोक मिळणं अवघड आहे, म्हणून साधे स्पोक असले तरी मी सायकल बाद करत नाही. लोखंडी रिम असली तर करतो.

आता आसाची गोष्ट. मागच्या दातेरी चक्र्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, दोन तऱ्हेने बसवतात. एकीत फ्रीव्हील हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. दुसरीत कॅसेट असते, चक्र्या एका खाचांच्या नळीवर सरकवून वरून रिंगने आवळलेल्या. फरक बाहेरून सहज दिसत नाही, पण वजन कुठे पडतं ते बघा. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात. तिथून फ्रेमपर्यंत आस नुसता अधांतरी, त्याला मधे कुणाचा टेकू नाही. माणसाचं वजन, त्यात खड्डा, त्यात साकवावरून उतरताना मारलेली उडी, आणि आस आधी वाकतो, मग तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवीकडचे छर्रे थेट फ्रेमजवळ असतात, म्हणून तो आस जगतो.

कोणता आहे ते असं ओळखा. मागचं चाक उचलून धरा, चाक हलू देऊ नका आणि चक्र्या हाताने उलट्या फिरवा. सगळ्यांत लहान चक्रीच्या मधोमध खाचांची रिंग दिसते. ती रिंग चक्र्यांबरोबर फिरली तर कॅसेट. चक्र्या फिरल्या आणि मधली रिंग जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील.

वीस हजारांच्या आत बहुतेक सायकलींना फ्रीव्हीलच असतो. कॅसेटवाली मिळाली तर इतर चार गोष्टी सोडून ती घ्या. फ्रीव्हीलवाली घ्यावी लागली तर निदान दोन अटी. एक, तुमचं वजन ऐंशीच्या पुढे असेल तर घेऊ नका, आणि कितीही असलं तरी उड्या मारायच्या नाहीत. दोन, विकणाऱ्याकडून त्याच मापाचा एक जादा आस आत्ताच मागून घ्या. फॅट बाइकची मागची फ्रेम रुंद असते. साध्या एमटीबीत दोन्ही नटांच्या आतलं अंतर १३५ मिलिमीटर असतं, फॅटमध्ये बहुधा १७० किंवा १९०. साध्या सायकलीचा आस तिला पुरत नाही. टेपने मोजा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. विकणारा म्हणाला की आस मिळणार नाही, पूर्ण चाकच घ्यावं लागेल, तर दुसरं दुकान बघा.

चाक हवेत फिरवा आणि रिम वरूनही बघा, बाजूनेही बघा. डावी-उजवीकडे दोन-तीन मिलिमीटर आऊट असेल तर काही नाही, पंधरा मिनिटांत काढता येतो. वर-खाली आऊट असेल तर ती रिम कारखान्यातच बिघडली आहे. मग दोन-दोन स्पोक चिमटीत धरून दाबत चाकाभोवती फिरा. एखादी जोडी ढिली, एखादी तारेसारखी ताठ, असं असेल तर ते चाक मशिनवर चढलेलंच नाही. नवी सायकल असली तरी आधी सगळे स्पोक सारखे ताणून घ्या, मगच वाळूत उतरा.

रिमला मोठी भोकं पाडून आतून रंगीत पट्टी दिसणारी चाकं सध्या सगळीकडे आहेत. वजन वाचतं हे खरं. पण पट्टी पातळ असली तर उन्हाने चिरते आणि ट्यूब भोकातून फुग्यासारखी बाहेर येते. ट्यूब काढली की पट्टी हाताने ओढून बघा, जाड कापडाची नसेल तर बदला. फार पैसे लागत नाहीत.

चेन, चिखल आणि एकवीस गिअर

मागचा टायर आणि फ्रेमच्या दोन्ही बाजू यांच्यात करंगळी सहज गेली पाहिजे. दुकानात जे अंतर पुरेसं वाटतं ते जुलैत जांभ्याच्या लाल चिखलाने बुजतं, आणि मग चाक फिरत नाही, घासतं. तसंच सायकल सगळ्यांत हलक्या गिअरला टाका, म्हणजे पुढे लहान आणि मागे मोठी चक्री, आणि मागून खाली वाकून बघा. चेन टायरच्या गाठींना टेकत तर नाही ना? स्वस्त फॅट बाइकमध्ये हा दोष फार सापडतो. चढाचा जो गिअर लागणार तोच वापरता येत नाही, कारण चेन टायर खात बसते.

"काका, एकवीस गिअर आहेत," वाडीतला एक पोरगा मला ऐटीत सांगत होता.

"अरे, चढाचा कितवा?"

त्याला माहीत नव्हतं. आणि एकवीसचं काही खरं नाही, त्यातले अर्धे एकमेकांसारखेच असतात. बघायचा आकडा एकच. पुढच्या सगळ्यांत लहान चक्रीचे दात भागिले मागच्या सगळ्यांत मोठ्या चक्रीचे दात. उत्तर एकापेक्षा कमी आलं पाहिजे. पुढे २४ आणि मागे २८ असेल तर ०.८६ येतं, छान. पुढे एकच ४२ दातांची चक्री आणि मागे २८ असेल तर दीड, म्हणजे आपल्या घाट्यांवर खाली उतरून ढकला. चार इंची टायर बसवल्यावर २६ चं चाक बाहेरून २९ च्या जवळपास जातं, त्यामुळे गिअर आणखी जड लागतो, हे लक्षात असू द्या. आहे ती सायकल आवडली आणि गिअरच जड आहे असं झालं तर ७ गिअरचा १४ ते ३४ दातांचा फ्रीव्हील मिळतो. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर टाकणारा भाग, तेवढी मोठी चक्री पेलतो का, ते मेकॅनिकला विचारून मगच बदला.

डिरेलर ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती फ्रेमला वेगळ्या स्क्रूने लावलेली आहे का बघा. सायकल गडग्यावर आपटली की वाकते ती पट्टीच. वेगळी असेल तर दोनशे-तीनशेत काम होतं. फ्रेमचाच भाग असेल तर लोखंडी फ्रेम असल्यास ठोकून सरळ करता येते, अल्युमिनियमची मोडते.

शॉकअपबद्दल थोडक्यात. घेऊ नका. या किमतीतला शॉकअप म्हणजे आतमध्ये एक स्प्रिंग आणि बाहेर दोन-अडीच किलोचं लोखंड. खाऱ्या हवेत त्याच्या चकचकीत दांड्यांवर ठिपके पडतात, ठिपके रबर कापतात, आत पाणी जातं. मग तो दाबला की दाबलेलाच राहतो. चार इंची टायरमध्ये कमी हवा असली की धक्के तोच खातो. पुढचं चाक धरणारा साधा सरळ चिमटा असलेली सायकल मागा. दुकानदार "जुनं मॉडेल आहे, मागवावं लागेल" म्हणेल. मागवू दे.

ब्रेक तारेचेच डिस्क ब्रेक घ्या. स्वस्तातले तेलाचे ब्रेक बिघडले तर तेल भरायला, हवा काढायला गुहागर तालुक्यात कुठे जाणार? तार कुठल्याही गावात मिळते. तारेच्या ब्रेकमध्ये बहुधा एकच पॅड सरकतो, दुसरा आतल्या बाजूने एका स्क्रूने पुढे-मागे करायचा असतो. चाक घासत असेल तर नवी डिस्क विकणाऱ्याच्या नादी लागू नका, आधी तो स्क्रू फिरवा.

माप मात्र बसून बघा. स्वस्त फॅट बाइक बहुतेक एकाच मापात येते, सतरा किंवा अठरा इंची फ्रेम. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर वरची नळी आणि तुमच्यात दोन इंच तरी जागा पाहिजे, कारण वाळूत पाय अचानक टेकावा लागतो. पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या बायकांना आणि मुलांना ही नळी आडवी येते. उतरती नळी असलेली फ्रेम शोधा. शिवाय फॅट बाइकचे पॅडल एकमेकांपासून लांब असतात, मधला बीबीचा भागच, ज्यात पॅडलचा आस फिरतो तो, १०० मिलिमीटर रुंद असतो. गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

हवा आणि भरती

बहुतेक स्वस्त फॅट बाइकच्या ट्यूबला मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. फायदा हा की पेट्रोल पंपावर हवा भरता येते. तोटाही तोच. पंपावरचा पोरगा सवयीने मोटारसायकलची हवा भरतो, आणि टायरच्या कडेवर जास्तीत जास्त वीस-तीस पीएसआय लिहिलेलं असतं ते वाचायला त्याला सवड नसते. पंपावर भरा, पण स्वतः उभे राहा. शून्य ते तीस पर्यंतचा छोटा गेज विकत घ्या. घरच्या पंपावरचा काटा दहाच्या खाली काहीही दाखवतो.

साठ-सत्तर किलोच्या माणसासाठी मी हे आकडे देतो, तुम्ही एक-दोनने इकडेतिकडे करा. डांबरावर १५ ते १८. सड्यावरच्या खडकाळ वाटेला १० ते १२, त्यापेक्षा कमी केलं तर जांभ्याची धार टायर दाबून रिमला लागते आणि ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. ओल्या, कडक पुळणीवर ८ ते १०. कोरड्या मऊ वाळूत ६ ते ७. त्याखाली महागड्या सायकलीवाले जातात, आपण जायचं नाही. स्वस्त रिमवर टायर घट्ट बसत नाही, फार कमी हवेत तो रिमवर सरकतो आणि ट्यूब ओढली जाऊन व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसायला लागला की हवा पूर्ण सोडा, ट्यूब सरळ करा, पुन्हा भरा.

हवा कितीही नेमकी असली तरी भरतीच्या वेळी गुहागरच्या पुळणीवर सायकल नेली तर उरते ती वरची कोरडी वाळू. वेळ साधावी लागते. कोळ्यांचं जुनं गणित अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ साधारण सहाला भरती आणि बाराला ओहोटी. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाच-साडेपाचच्या सुमाराला, पहाटे आणि संध्याकाळी. अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जितकं वर येतं तितकंच खाली जातं, आणि दोन्ही वेळा ऊन नसताना. सहा-साडेसहा किलोमीटरची ती सरळ किनारपट्टी टणक आणि रुंद मिळते ती याच दिवसांत. ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि ओहोटीनंतर तासाभरात वर या. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हटत नाही, वर भर दुपार. त्या दिवशी सड्यावर जा.

वाळू कडक आहे का हे उभ्याउभ्या कळतं. टाच रोवून गिरकी घ्या. टाचेचा नुसता ठसा उमटला तर आठ-नऊ पीएसआय ठीक. खड्डा पडला तर आणखी सोडा किंवा पाण्याकडे सरका. पाण्याकडे सरका म्हटलं, पाण्यात नाही. लाटेतून चाक उडवत जाण्याची हौस हबच्या छर्ऱ्यांना महागात पडते.

नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान ऑलिव्ह रिडले कासवं रात्री आमच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. या दिवसांत रात्री दिवा लावून पुळणीवर फिरू नका, आणि दिवसासुद्धा भरतीच्या रेषेच्या वर, सुरूच्या झाडांच्या बाजूच्या मऊ वाळूत चाक घालू नका. घरटं वरून दिसत नाही. सड्यावरही मळलेली वाट सोडू नका. पावसाळ्याच्या शेवटी तिथे जी बोटभर फुलझाडं असतात ती टायरखाली एकदा गेली की गेली. आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे इथली तर २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. काही ठिकाणी कुंपण आहे, काही ठिकाणी नाही.

खारं पाणी

सायकलीला जे पैसे ठेवलेत त्यातले हजार-दीड हजार आधीच बाजूला काढा. हे पैसे मिठाशी भांडायला.

नवी सायकल घरी आली की पहिल्याच दिवशी सीटची नळी पूर्ण बाहेर काढा, पुसा, ग्रीस लावा, परत घाला. लोखंडी फ्रेममध्ये अल्युमिनियमची नळी खाऱ्या दमट हवेत वर्षभर तशीच राहिली तर ती आत धरते, मग ती काढताना पाना मोडतो पण नळी हलत नाही. पॅडलच्या आट्यांना ग्रीस. बाटलीच्या स्टँडच्या स्क्रूंना ग्रीस. फ्रेम लोखंडी असेल तर सीटच्या नळीच्या भोकातून आत थोडं तेल सोडून सायकल आडवी-उभी फिरवा, कारण फ्रेम गंजते ती आतून.

पुळणीवरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि मग्गा पुरे. गाड्या धुवायचा जोराचा पाइप मारू नका, तो हब आणि बीबीमध्ये खारं पाणी आणि वाळू आत ढकलतो. चेन फडक्याने कोरडी करा, मगच तेल. तेल प्रत्येक कडीच्या आत एक थेंब, आणि पाच मिनिटांनी बाहेरचं सगळं पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते आणि ती वाळू चेन घासते. घरात आहे म्हणून खोबरेल लावणारे माझ्याकडे येतात. वास छान येतो, पण ते पाण्याने लगेच जातं. मोटारसायकलच्या चेनचा स्प्रेसुद्धा जाड असतो, वाळू धरतो. सायकलचं तेल शंभर-दोनशेला मिळतं आणि वर्षभर पुरतं.

फेरीबोटीने पलीकडे जाणाऱ्यांसाठी एक: धोपाव्याहून दाभोळला किंवा तवसाळहून जयगडला जाताना सायकल बोटीच्या पुढच्या फळीजवळ लावू नका. तिथे उडणारं पाणी थेट चेनवर बसतं. मागे, गाड्यांच्या आडोशाला लावा आणि ब्रेकला रबर गुंडाळा, नाहीतर ती घरंगळते.

खोक्यातली की जुनी

ऑनलाइन सायकल खोक्यातून येते, "८५ टक्के जोडलेली" असं लिहून. उरलेल्या पंधरा टक्क्यांतच सगळं असतं. चिमटा उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर सर्रास दिसतात. चिमट्याचा खालचा वाक पुढे पाहिजे आणि डिस्क ब्रेक तुमच्या डाव्या हाताला. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, ते जोर लावून सरळ फिरवलं की क्रँकचे, म्हणजे पॅडल ज्या दांड्याला बसतं त्याचे, आटे जातात आणि पॅडल कधीच घट्ट राहत नाही. पाना लावायच्या आधी दोन-तीन फेरे बोटानेच गेले पाहिजेत. हे जमणार नसेल तर खोकं न उघडता मेकॅनिककडे न्या आणि जोडणीचे चारशे-पाचशे द्या. खोक्यात पार्ट कमी निघाला तर उघडतानाचा व्हिडिओ काढलेला असावा. एका ऑनलाइन दुकानाने मला महिनाभर झुलवलं होतं एका नटासाठी.

जुनी मिळत असेल तर जरूर बघा. मुंबई-पुण्याहून आणलेली, गणपती आणि मे महिन्यात चार दिवस चालवलेली, बाकी वर्षभर पडवीत उभी असलेली फॅट बाइक आमच्याकडे पुष्कळ घरांत आहे, आणि निम्म्या किमतीत देतात. वर सांगितलेलं सगळं तपासा आणि शिवाय तीन गोष्टी. टायरची कड बोटाने वाकवून बारीक चिरा दिसतात का ते बघा. वर्षभर बिनहवेचा उभा राहिलेला टायर कडेला फाटतो, आणि चार इंची नवा टायर स्वस्त नसतो. सीटची नळी हलते का बघा, हलत नसेल तर ती सायकल फुकट मिळाली तरी विचार करा. क्रँक दोन्ही हातांनी धरून आडवा हलवा, खटखट झालं तर बीबी गेला. बदलता येतो, पण १०० मिलिमीटरचा आणि त्याच लांबीच्या आसाचा लागतो, तो मागवायला दहा-पंधरा दिवस धरा आणि किमतीतून तेवढे पैसे कमी करून मागा.

नवी घेताना किमतीत दुकानदार फारसा उतरत नाही. मग पैसे कमी करा म्हणू नका, सामान मागा. २६ x ४.० च्या दोन जादा ट्यूब, जाड रिमपट्टी, मागचा आस नट-वायसरसकट, ब्रेकचे पॅड एक जोडी. साध्या २६ इंची सायकलीची ट्यूब या टायरमध्ये फुगवली तर ताणून पातळ होते आणि पहिल्या काट्याला जाते, म्हणून नेमकं माप बघूनच घ्या. पंक्चरचं सामान, टायर काढायच्या दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आणि हातपंप तुमचा तुम्ही घ्या, पण हातपंप जास्त हवा ढकलणारा, जाडजूड घ्या. रस्त्याच्या सायकलीचा बारीक पंप चार इंची टायर भरायला शेकडो झटके घेतो, आणि ते तुम्हाला वेळणेश्वरच्या उन्हात कळेल.